आधी पाणी, मग तेल, मग पाते

घरातील मुलाला मिसरूड फुटते, वर्ष-दोन वर्षांत गालांवरही केस दिसू लागतात आणि एके दिवशी तो वडिलांचा रेझर उचलून न्हाणीघराचे दार लावून घेतो. पाच मिनिटांनी बाहेर येतो तेव्हा हनुवटीवर रक्ताचे दोन ठिपके असतात आणि मानेची कातडी लाल झालेली असते. त्याच घरात आजोबांचे हात आता थरथरतात. त्यांची दाढी करून देण्याचे काम मुलाकडे किंवा सुनेकडे आलेले असते. हात प्रेमाचा असतो, पण सवय नसते. आजोबांची कातडी कागदासारखी पातळ झालेली असते आणि पाते लागले की रक्त लवकर थांबत नाही.

या दोघांनाही दाढी कशी करावी हे कोणी शिकवलेले नसते. स्वयंपाक, शिवण, हिशेब या गोष्टी घरात एकाकडून दुसऱ्याकडे जातात. दाढीच्या बाबतीत मात्र प्रत्येक जण आपल्याच गालावर चुका करून शिकतो. त्या चुका बहुतेक वेळा पात्याच्या नसतात. पाते लावण्यापूर्वी त्वचेची आणि केसांची जी तयारी व्हायला हवी, ती झालेली नसते. ही तयारी स्वयंपाकघरातील तेलाच्या चार थेंबांनी होऊ शकते. मात्र तेल कोणते, किती आणि नेमके केव्हा, हे समजून घेणे आवश्यक आहे.

पूर्वी हे ज्ञान गावच्या न्हाव्याच्या बोटांत होते. धोकटी उघडून तो प्रथम वस्तरा काढत नसे, पाण्याची वाटी काढत असे. ओली बोटे गालावर, हनुवटीवर, गळ्यावर कितीतरी वेळ फिरत राहत. गप्पा चालू असत आणि तेवढ्या वेळात खुंट भिजून मऊ होत असत. वस्तरा त्यानंतर हाती येई. किंग कॅम्प जिलेट यांना १९०४ साली अमेरिकेत बदलत्या पात्याच्या सेफ्टी रेझरचे पेटंट मिळाले आणि पुढे दाढी हे ज्याचे त्याने घरी करावयाचे काम झाले. रेझर घरात आला, पण न्हाव्याच्या बोटांतील तो संथपणा त्याच्याबरोबर आला नाही.

तेलाची परंपरा तर त्याहून जुनी आहे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात केस, श्मश्रू आणि नखे पंधरवड्यातून तीन वेळा कापावीत असे सांगितले आहे. वाग्भटांच्या अष्टांगहृदयात दिनचर्येच्या अध्यायात नित्य अभ्यंगाचा उपदेश आहे. मराठी घरांत दिवाळीच्या पहाटे तेल आणि उटणे लावून होणारे स्नान हा त्याच अभ्यंगाचा वर्षातून एकदा जपलेला अवशेष होय. त्वचेला तेल लावणे ही म्हणूनच या मातीतील माणसाला परकी गोष्ट नाही. दाढीपूर्वी लावावयाच्या तेलाला आज बाजारात परदेशी नावे आणि भारी किमती मिळाल्या आहेत एवढेच.

तेल नेमके काय करते, हे पाहण्यापूर्वी पाणी काय करते ते पाहावे लागते. केस केराटिन नावाच्या प्रथिनाचा बनलेला असतो. कोरडा असताना तो ताठ आणि कठीण असतो. कोमट पाण्यात दोन-तीन मिनिटे भिजल्यावर तो पाणी शोषून फुगतो, मऊ होतो आणि पाते त्याला कमी जोराने कापू शकते. केस मऊ करण्याचे काम पाण्याचे आहे, तेलाचे नाही. अनेक जण येथेच चुकतात. कोरड्या गालावर प्रथम तेल चोळले, तर तेलाचा थर केसाभोवती बसतो आणि नंतर लावलेले पाणी आत शिरण्यास अडथळा येतो. दाढी भिजल्यासारखी दिसते, पण केस आतून कोरडेच राहतात.

तेलाचे काम त्यानंतरचे. एक म्हणजे भिजलेल्या केसातील पाणी चटकन उडून जाऊ न देणे. दुसरे आणि अधिक महत्त्वाचे म्हणजे पाते आणि कातडी यांच्यामध्ये निसरडा थर निर्माण करणे. त्वचेचा सर्वांत वरचा थर, जो शरीरातील ओलावा आत राखतो आणि जंतूंना बाहेर ठेवतो, तो चेहऱ्यावर मिलिमीटरच्या जेमतेम पन्नासाव्या भागाएवढा असतो. पाते केसाबरोबर या थराचाही काही अंश खरवडून नेते. खरवड जितकी अधिक, तितकी नंतरची आग, कोरडेपणा आणि लालसरपणा अधिक. पाते अडखळले नाही, घसरत गेले, तर ही खरवड कमी होते. तेलाकडून अपेक्षा ठेवावयाची ती एवढीच.

आता तेल कोणते, हा प्रश्न. प्रत्येक घरात असणारे खोबरेल कोरड्या त्वचेला चांगले मानवते. ते साधारण २४ अंश सेल्सिअसच्या खाली गोठते. म्हणून थंडीत बाटली कोमट पाण्यात ठेवावी किंवा गोठलेला कण तळहातांवर चोळून वितळवावा. परंतु ज्यांची त्वचा तेलकट आहे, ज्यांना मुरुमे येतात, त्यांच्या रोमरंध्रांत खोबरेल अडकून राहण्याची शक्यता असते. सोळा-सतरा वर्षांच्या मुलाला आजीने प्रेमाने दिलेले खोबरेल म्हणूनच नेहमीच हितकर ठरेल असे नाही.

तिळाचे तेल अभ्यंगासाठी शतकानुशतके वापरले गेले आहे. ते खोबरेलाप्रमाणे थंडीत गोठत नाही आणि हाताला सहज पसरते. घाण्यावरचे, न भाजलेल्या तिळांचे तेल घ्यावे. बदामाचे तेल हलके असते आणि कोरड्या, वयस्क त्वचेला सुखावते. ऑलिव्हच्या तेलात ओलेइक आम्लाचे प्रमाण पुष्कळ असते. ज्यांची त्वचा मुळातच नाजूक किंवा इसबाची आहे, त्यांनी ते टाळलेले बरे. एरंडेल फार घट्ट असते. ते एकटे लावल्यास पाते चिकटते आणि धुण्यास त्रास होतो. मात्र चार भाग तिळाच्या किंवा बदामाच्या तेलात एक भाग एरंडेल मिसळले, तर थर टिकून राहतो आणि निसरडेपणा वाढतो. जोजोबा हे खरे तर तेल नसून द्रवरूप मेण आहे. राजस्थानच्या कोरड्या भागात त्याची लागवड होते. ते हलके असून तेलकट त्वचेलाही बहुधा सोसते.

काही तेले या कामासाठी अजिबात वापरू नयेत. मोहरीच्या तेलातील तिखट घटक ताज्या दाढीच्या कातडीला झोंबतो. तळणीचे उरलेले तेल चेहऱ्याला लावण्याचा विचारही करू नये. केसांसाठी मिळणाऱ्या अनेक सुगंधी, हलक्या तेलांत खनिज तेल आणि कृत्रिम सुगंधच अधिक असतात. नावावर बदाम असला म्हणून आत बदामच असेल असे नाही. निलगिरी, टी ट्री, लवंग अशी अर्कतेले तर कधीही थेट लावू नयेत. ती अतितीव्र असतात आणि कातडी भाजल्यासारखी होते. लिंबाच्या सालीच्या तेलाने उन्हात गेल्यावर काळे डाग पडू शकतात. ‘नैसर्गिक’ हा शब्द सौम्यपणाची हमी देत नाही.

तेल निवडल्यावर त्याची परीक्षा घ्यावी. कोपराच्या आतल्या बाजूस थोडे तेल लावून दोन-तीन दिवस पाहावे. खाज, पुरळ, लाली आली नाही तरच ते चेहऱ्यावर न्यावे. ज्यांना तीळ, शेंगदाणे किंवा बदाम खाण्यात सोसत नाहीत, त्यांनी त्या त्या तेलाचा प्रयोग करूच नये.

कृती साधी आहे. दाढीसाठी उत्तम वेळ स्नानानंतरची. ते शक्य नसेल तर कोमट पाण्यात भिजवून पिळलेला पंचा दोन-तीन मिनिटे गालांवर आणि गळ्यावर ठेवावा. पाणी सुखद कोमट असावे. फार गरम पाण्याने कातडी उलट कोरडी पडते. चेहरा पुसू नये, ओलाच ठेवावा. मग तळहातावर तेलाचे चार ते सहा थेंब घ्यावेत, दोन्ही तळहात एकमेकांवर चोळावेत आणि केस ज्या दिशेने वाढतात त्याच्या उलट दिशेने, बोटांच्या टोकांनी, हळुवार चोळावे. यामुळे तेल केसांच्या मुळापर्यंत पोहोचते. गळ्यावर आणि हनुवटीखाली विशेष लक्ष द्यावे, कारण तेथेच सर्वाधिक ओरखडे पडतात. यानंतर एक मिनिट थांबावे.

पुढे दोन मार्ग आहेत. कोणी या तेलाच्या थरावरच, अधूनमधून ओला हात फिरवत, दाढी करतात. यात कल्ले आणि मिशांच्या कडा स्पष्ट दिसतात, कारण मध्ये फेस नसतो. कोणाला फेसाची सवय असते. त्यांनी तेल तीन-चार थेंबांपुरतेच ठेवून वर फेस लावावा. तेल जास्त झाले की फेस बसतो आणि दोन्हींचा उपयोग जातो. पाते नेहमी केसांच्या वाढीच्या दिशेने, दाब न देता, लहान लहान अंतराने चालवावे. गळ्यावर केसांची दिशा जागोजागी बदलते. ती बोटांनी चाचपून आधीच ओळखून ठेवावी. अनेक पात्यांच्या रेझरमध्ये तेल आणि केस मिळून फटी बुजतात. म्हणून दर दोन-तीन फटकाऱ्यांनंतर तो मगातील कोमट पाण्यात खळबळावा. उघडा नळ मिनिटाला सहज पाच-सहा लिटर पाणी वाहून नेतो. या कामाला एक मग पुरेसा असतो.

दाढी झाल्यावर चेहरा प्रथम कोमट आणि मग साध्या पाण्याने धुवावा, पंचाने टिपावा, घासू नये. पूर्वीपासून चालत आलेली तुरटी लहानशा ओरखड्यातून येणारे रक्त थांबवते, कारण ती त्या जागेची प्रथिने गोठवते. मात्र ती सगळ्या चेहऱ्यावर रोज फिरवल्यास कातडी कोरडी पडते. अल्कोहोलयुक्त सुगंधी द्रव्यांनी होणारी आग म्हणजे त्वचा स्वच्छ झाल्याची खूण नव्हे, ती दुखावल्याची खूण आहे. त्याऐवजी ओलसर कातडीवर तेलाचा एखादा थेंब पुरतो. कोकणातील घरांत भेगांवर लावण्यासाठी ठेवलेले कोकमतेल कोरड्या जागी कणभर लावले तरी आराम पडतो. रेझर थोड्या साबणाने धुऊन कोरडा ठेवावा. न्हाणीघराच्या फरशीवर तेलाचा थेंब राहिला नाही ना, हे पाहूनच बाहेर पडावे. घरातील वृद्धांसाठी तो थेंब पात्याहून धोक्याचा ठरू शकतो. तेलाची वाटीही उघडी ठेवू नये. उघड्या तेलात मुंग्या-चिलटे पडून मरतात आणि तेलही खवट होते. लहान, घट्ट झाकणाच्या बाटलीतून आवश्यक तेवढेच थेंब घ्यावेत.

ही रीत केवळ पुरुषांसाठी नाही. पायांवरचे किंवा काखेतील केस रेझरने काढणाऱ्या स्त्रियांनाही हेच तत्त्व लागू पडते. घाईघाईत, कोरड्या कातडीवर किंवा साबणाची वडी फिरवून केलेल्या कामामुळे जे लाल ठिपके आणि खाज येते, ती पाणी आणि तेलाच्या तयारीने पुष्कळ कमी होते. काखेत मात्र तेल अगदी थोडे लावावे आणि नंतर नीट धुवावे.

अहिंसेचा विचार करणाऱ्या घरांसाठी या साध्या रीतीला आणखी एक अर्थ आहे. दाढीचे साबण बनवताना जनावरांची चरबी वापरण्याची पद्धत फार जुनी आहे. वेष्टनावर ‘सोडियम टॅलोएट’ असे लिहिलेले असेल तर ती चरबीच होय. स्टिअरिक आम्ल आणि ग्लिसरीन वनस्पतींपासूनही मिळतात आणि चरबीपासूनही, त्यामुळे केवळ नाव वाचून उलगडा होत नाही. मलमांत मधमाशांचे मेण किंवा मेंढीच्या लोकरीतून काढलेले लॅनोलिन असू शकते. फेस करण्याचे महागडे ब्रश बॅजर नावाच्या प्राण्याच्या केसांचे, तर स्वस्त ब्रश पुष्कळदा डुकराच्या केसांचे असतात. कृत्रिम धाग्यांचे ब्रशही आता सहज मिळतात. प्रसाधनांसाठी प्राण्यांवर चाचण्या करण्यास भारताने २०१४ साली बंदी घातली, हे मोठे पाऊल आहे. तरी घटकांची निवड अखेर घेणाऱ्याच्याच हाती राहते. वेष्टनावरील हिरवा ठिपका पाहावा आणि शंका राहिली तर उत्पादकास विचारावे. घाण्यावरच्या तिळाच्या तेलाच्या बाटलीत घटक एकच असतो, आणि तो कोठून आला हे सर्वांना ठाऊक असते.

तेलाच्या मर्यादाही तितक्याच स्पष्टपणे ध्यानात ठेवाव्यात. ज्यांच्या भुवयांत, नाकाच्या कडांना किंवा दाढीत कोंडा होऊन पापुद्रे सुटतात, त्यांना तेलाने त्रास वाढू शकतो, कारण त्या विकाराशी संबंधित असलेले बुरशीसारखे सूक्ष्मजीव त्वचेवरील स्निग्धांशावरच जगतात. ज्यांचे केस कुरळे आहेत, त्यांचे कापलेले टोक वळून कातडीत शिरते आणि फोड येतात. तेथे अगदी घोटून दाढी न करणे, केस थोडे वाढू देणे हाच मुख्य उपाय आहे. तेल तो विकार बरा करीत नाही. दाढीच्या भागात गोल, खाजणारे चट्टे किंवा पू भरलेले फोड असतील तर रेझर बाजूला ठेवावा आणि त्वचारोगतज्ज्ञांकडे जावे. औषधाच्या दुकानातून विचारून आणलेली स्टेरॉइडयुक्त मलमे अशा चट्ट्यांना आतून पसरवतात. आणि घर कितीही एकोप्याचे असो, रेझर प्रत्येकाचा वेगळा असावा. न दिसणाऱ्या रक्ताच्या अंशातूनही हेपॅटायटिस ‘बी’ आणि ‘सी’ यांसारखे आजार एकाकडून दुसऱ्याकडे जाऊ शकतात. मुलाने वडिलांचा रेझर उचलण्यापूर्वीच त्याला त्याचा स्वतःचा रेझर द्यावा.

आजोबांच्या बाबतीत काळजी याहून अधिक हवी. रक्त पातळ ठेवण्याची औषधे चालू असतील तर पात्यापेक्षा विजेवर चालणारे यंत्र सुरक्षित ठरते. त्यातील कोरड्या यंत्रासाठी तेल लावू नये, चेहरा धुऊन पूर्ण कोरडा करावा. मधुमेह असेल तर लहान जखमही भरण्यास वेळ लागतो. ओरखडा आल्यास तो रोज पाहत राहावे. सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे ज्या रुग्णाला घरी नळीने किंवा मास्कने प्राणवायू दिला जात आहे, त्याच्या चेहऱ्याला तेल किंवा तेलयुक्त मलम लावू नये. प्राणवायूच्या सान्निध्यात तेल भराभर पेट घेऊ शकते. अशा वेळी पाण्याने धुतले जाणारे, तेलविरहित जेल कसे वापरावे हे डॉक्टरांना विचारून ठरवावे.

हे अडथळे नसतील, तर मात्र अंथरुणावरील वृद्धाची दाढी ही सेवेची एक शांत घटका होऊ शकते. पाठीशी उशी देऊन त्यांना जरा उठते बसवावे, उजेड चेहऱ्यावर येईल असे पाहावे, गळ्याशी कोरडा पंचा ठेवावा. कोमट पंचा गालावर ठेवल्यावर त्यांना तो फार गरम तर नाही ना, हे विचारावे. तेलाचा हात फिरवावा, एक मिनिट थांबावे. सुरकुतलेली कातडी दोन बोटांनी हळूच ताणून धरावी आणि पाते त्या ताणलेल्या जागेवरूनच न्यावे. गळ्याचे मणी पुढे आलेले असतात, तेथे थोडे खुंट राहिले तरी चालतील. दाढी रोजच व्हायला हवी असेही नाही. चरकसंहितेत पंधरवड्यातून तीनच वेळा सांगितले आहे, हे अशा वेळी आठवावे.

तेलामुळे पात्याची धार बदलत नाही आणि घाई करणाऱ्या हाताला तेल वाचवतही नाही. पण भिजवण्याची तीन मिनिटे, चोळण्याचे एक मिनिट आणि थांबण्याचे एक मिनिट, अशी जी पाच मिनिटे या रीतीत जातात, तीच खरी दाढीची तयारी आहे. ज्या मुलाला पहिल्याच दिवशी वडिलांनी शेजारी उभे राहून ही पाच मिनिटे दाखवली, तो पुढे कधीतरी वडिलांच्या गालावर पाते फिरवण्याची वेळ आली तर बावरणार नाही. येत्या रविवारी सकाळी, न्हाणीघराचे दार उघडेच ठेवून, हा धडा घरोघरी देता येईल.